साक्ष की पेटी

मृत्युपत्र लिहून ठेवणार: शमुवेल भिकाजी पाटोळे, वय वर्षे बहात्तर, धंदा सुतारकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार शरणपूर, नाशिक.

माझ्या स्वर्गीय बापाला स्मरून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सुतारी पेन्सिलीने नव्हे, मुद्दाम विकत आणलेल्या शाईच्या पेनाने. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे, आणि त्याचे काही लोकांना वाईट वाटते. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, नशापाणी मी करीत नाही. दडपण म्हणाल तर एकट्या वकीलसाहेबांचे आहे. ते नाशकातच, द्वारका चौकाजवळ बसतात. त्यांचे म्हणणे असे की घर कोणाला, वस्तू कोणाला, सही, साक्ष, एवढे एका पानात बसते आणि बाकीचे मनात ठेवावे. मनात ठेवून आता बहात्तर वर्षे झाली, तिथे जागा उरलेली नाही. म्हणून एक पान त्यांचे आणि पुढची पाने माझी.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी काही बोललो असेन तर ते रागात होते, ते धरू नये.

कलम १. माझ्या देहाबाबत

माझा देह आमच्या मंडळीच्या दफनभूमीत माझी पत्नी प्रभुवासी मालनबाई हिच्या डाव्या हाताला ठेवावा. उजव्या कानाने तिला कमी ऐकू यायचे. पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे नवे होणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तोवर काही बोलायचे झाले तर सोय असावी.

मयतीत पाळकसाहेबांनंतरची प्रार्थना खंडेराव पगारे याने करावी. खंडेराव हा माझा उत्तरेकडचा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती, शाळेतला निवृत्त कारकून आणि मंडळीचा सेक्रेटरी. त्याला प्रार्थनेला सांगितले नाही तर तो रुसतो आणि सांगितले तर थांबत नाही. आमच्या घरच्या भक्तीत त्याची प्रार्थना सुरू झाली की सून भात परत चुलीवर ठेवते. म्हणून त्याने ती कबरेपाशी, लोक उन्हात उभे असताना करावी. लोकांनी पाय बदलायला सुरुवात केली की त्याला थोडे तरी कळते.

कलम २. घराबाबत

शरणपुरातले माझे राहते कौलारू घर, ओटा, न्हाणीघर व शेवग्याच्या झाडासह. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस दफनभूमीकडे जाणारी पायवाट, त्यामुळे मला लांब नेण्याचा कोणाला त्रास नाही. दक्षिणेस मोकळी जागा. उत्तरेस खंडेराव पगारे याची भिंत, जी एक वीत माझ्या हद्दीत आहे. ही वीत माझी आहे हे खंडेराव माझ्याशी बोलताना मान्य करतो आणि चारचौघांत नाकारतो. शेवग्याच्या फांद्या त्याच्याकडे गेल्या आहेत आणि त्याचा पाला तो भाडे घेतल्यासारखा ओरबाडून नेतो. आमचे बोलणे मात्र कधी बंद पडलेले नाही. बोलणे बंद केल्यावर भांडायचे कसे?

हे घर, त्या वितेसह, मी माझा एकुलता एक मुलगा शांतवन याला देतो. तो अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहे. हे घर त्याला एका अटीवर मिळेल. ती अट कलम सातमध्ये आहे. तिथपर्यंत वाचायचा त्याने कंटाळा करू नये.

कलम ३. पेटीबाबत

हे कलम वकीलसाहेबांना समजलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मंडळीत कोणाची मयत झाली की पेटी मी करतो. घाईचे काम असते. मिळतील त्या खोक्याच्या फळ्या, वरून काळे कापड, कोपऱ्यांना खिळे. माणूस जन्मभर देवळात पहिल्या बाकावर बसतो आणि जातो सफरचंदाच्या खोक्यातून. एका मास्तरांच्या पेटीत तर आतल्या बाजूला त्या बागेचे नाव छापलेले होते. ते त्यांच्या डोक्याशी येत होते, मी फळी फिरवून पायाशी घेतली. त्या दिवशी मी ठरवले की आपण आपली पेटी सागाची करायची, सावकाश, मन लावून, रंधा मारून. आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला. त्याच्यासमोर खिळे वर आलेल्या खोक्यातून उभे राहणे मला बरे वाटेना.

पेठहून साग आणला आणि पेटी केली. ती माझ्याकडे राहिली नाही. एका घरी अचानक मयत झाली, लोक दाराशी आले, म्हणाले, "पाटोळे, तुमच्याकडे एक तयार आहे म्हणे." दिली. दुसरी केली, तीही गेली. मग हा प्रघातच पडला. मी आपली पेटी करायची आणि दुसऱ्याने त्यात जायचे. मंडळीत आता असा समज आहे की माझी पेटी पुरी झाली की कोणीतरी जातेच. त्यामुळे मी रंधा बाहेर काढला की ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे ते चौकशीला येतात, "काय, कपाट करताय का?" म्हातारी भागीबाई तर माझ्या ओट्यासमोरून जाताना पदर पुढे ओढून पळत सुटते. तिला एरवी काठी लागते.

मधल्या काळात पेटी रिकामी राहू नये म्हणून मालन तिच्यात पापड आणि कुरडया ठेवायची. पाहुणे तिच्यावर बसायचे. जनगणनेचे जाधव मास्तर तिच्यावर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "बाक छान आहे, जरा उंच आहे एवढंच." मी खरे ते सांगितले. त्यांनी उरलेले प्रश्न उभ्यानेच विचारले.

सध्याची पेटी माळ्यावर आहे. माझ्या मापाची आहे. मी ठेंगणा आहे, त्यामुळे तीही. खंडेरावाचा तिच्यावर डोळा आहे. मागच्या महिन्यात तो चहाला आला आणि वर बघत बसला.

"शमू, तिचं काय ठरवलंस?"

"माझी आहे. मी जाणार तिच्यातून."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर तू ने. मृत्युपत्रात तसं लिहून ठेवतो."

हे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, मृत्युपत्राला जो साक्षीदार असेल त्याला मृत्युपत्राने काही मिळत नाही, तसा कायदा आहे. आणि खंडेरावाला तर मी आधीच साक्षीला बोलावून बसलो होतो. मी परत येऊन त्याला सांगितले, "खंडू, एकच काहीतरी मिळेल. साक्ष की पेटी?"

त्याने चहा निवू दिला. बराच विचार केला. मग म्हणाला, "पेटीत काय, कोणीही जातं. साक्षीला जबाबदार माणूस लागतो. शिवाय तुझी उंची ती काय, माझे पाय बाहेर राहतील." तेव्हापासून तो वर्तमानपत्राच्या कडेला सहीचा सराव करीत असतो. सहीखाली सेक्रेटरी असे लिहू का, हे त्याने दोनदा विचारले.

सबब, ही पेटी मी कोणालाही देत नाही. ती माझी आहे. माझ्याआधी कोणाला लागली तर प्रघाताप्रमाणे द्यावी.

कलम ४. हत्यारांबाबत

रंधे, पटाश्या, गुण्या, गिरमिट, वाकस व हातोड्या शांतवनला. तो लोखंडातला माणूस आहे आणि लाकडाला पोरखेळ समजतो. तरी त्याने दर पावसाळ्याआधी हत्यारांना तेल द्यावे, उसने कोणाला देऊ नये. का देऊ नये ते पुढच्या कलमात आहे.

दोघांनी ओढायची मोठी करवत वेगळी लिहितो.

मालन गेली ते साल एकोणऐंशी. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळीतली कुसाबाई गेली. तिला मागेपुढे कोणी नव्हते. मालनने स्वतः पेटीतले पापड काढले, फडक्याने पेटी पुसली आणि म्हणाली, "देऊन टाका. आपल्याला काय घाई हाय?" मी दिली. पुढच्या आठवड्यात मालन न्याहारी वाढता वाढता भिंतीला टेकली आणि गेली. घरात पेटी नव्हती.

लोक म्हणाले खोक्याच्या फळ्या आणतो. मी म्हटले, तिच्यासाठी नाही. कपाटासाठी आणलेला सागाचा जाड फाळका अंगणात पडला होता. तो उभा चिरायला दोन माणसे हवी होती. शांतवन कारखान्यात, त्याला निरोप पोचायचा होता. तेव्हा खंडेरावाने कोट काढून शेवग्याला अडकवला आणि करवतीचे दुसरे टोक धरले. त्याला ती धरता येत नव्हती.

"अरे, ढकलतोस काय? ओढ. तू ओढ, मग मी ओढतो. ढकललीस की ती वाकते."

"जन्मभर पेन चालवलाय मी, करवत नाही."

"मग बाजूला हो."

"होणार नाही," तो म्हणाला. झाला नाही. आम्ही दोघांनी भांडत भांडत ती पेटी पुरी केली. त्या दिवशी मी रडलो नाही याचे कारण त्याची करवत धरण्याची पद्धत. दुपारी त्याच्या तळहातांना फोड आले होते. ते त्याने खिशात लपवले. मयतीत गीतांचे पुस्तक धरता येईना, म्हणून पाठ म्हटले आणि चुकीचे म्हटले.

ही करवत मी शांतवनला देतो. दुसरे टोक धरणारा माणूस त्याने आपला आपण मिळवावा. तो मृत्युपत्राने देता येत नाही.

कलम ५. शिडीबाबत

माझा चुलतभाऊ सावळीराम पाटोळे, फर्निचरचे दुकान द्वारका, याने माझी बांबूची शिडी दोन दिवसांसाठी नेली, त्याला आता एक तप झाले. मध्ये त्याच्या दुकानाचा दुसरा मजलाही झाला. ती शिडी मी त्याला या मृत्युपत्राने कायमची देतो. म्हणजे न्यायाच्या दिवशी त्याच्यावर चोरीचा डाग राहणार नाही आणि मला तिकडे साक्षीला उभे राहावे लागणार नाही.

त्याच्या दुकानात प्लायवुडवर सनमायका चिकटवून त्याला फर्निचर म्हणतात. माझ्या पेटीला कोणीही, कितीही प्रेमाने, सनमायका लावू नये.

कलम ६. सुनेबाबत

मालनचे शिवणयंत्र, तिचे पवित्र शास्त्र, तांब्या-पितळेची भांडी आणि पोस्टात असेल नसेल ती शिल्लक माझी सून सुवार्ता हिला. या घरात तिने जेवढा निवलेला भात पुन्हा ऊन केला आहे, तेवढ्यात एक गाव जेवले असते. तिने कधी तोंड वाकडे केले नाही. एकदा केले होते, पण मी त्याच्या लायक बोललो होतो.

कलम ७. अट

आता मूळ मुद्दा.

मालनने लग्न होऊन आल्यावर या घरात एक नियम केला. संध्याकाळच्या भक्तीनंतर पाटावर बसायचे आणि प्रत्येकाने त्या दिवसाचा एक उपकार म्हणायचा. मोठ्याने. कालचा आज चालायचा नाही. "तारणाबद्दल उपकार, आरोग्याबद्दल उपकार" असले देवळातले चालायचे नाही, त्या दिवसाचे हवे. सगळ्यांचे म्हणून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही.

हे ऐकायला सोपे आहे. करून बघावे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी चावत मी म्हटले, "आज काहीच नाही बुवा. भाकरीत खडा लागला." मालन म्हणाली, "मंग दात हाय म्हणा की." म्हटले. प्रार्थनामंदिराच्या छपरावरून पडून माझा डावा पाय मोडला तेव्हा तिने मला "उजवा राहिला" म्हणायला लावले. पाय ठणकत होता, भात समोर होता, मी म्हटले.

शांतवनच्या पाठीवर आम्हाला मुलगी होती. ती नऊ वर्षांची होऊन तापाने गेली. त्या संध्याकाळी आम्ही तिघे बसलो. मला वाटले आज तरी मालन नियम मोडील. तिने ताटे पुढे सरकवली. मग म्हणाली, "पगाऱ्यांच्या लताने भाकरी पाठवली. उपकार." एवढेच. मग शांतवनला भरवले. मी तिच्याकडे बघत राहिलो. माझा विश्वास पाळकांच्या उपदेशातून आला असेल, पण टिकला तो त्या भाकरीवर.

म्हणून शांतवन, हे तुला लिहितो. तुझी आई गेल्यावर घरी सांत्वनाची भक्ती झाली. खंडेराव उभा राहिला आणि सवयीने बोलून गेला, "हे प्रभू, मालनबाईंना तू आपल्याकडे नेलंस, त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." तू उठलास आणि बाहेर गेलास. मला सगळे म्हणाले, पोरगा देवाला सोडून चालला. मला तसे वाटले नाही. उठायला हवे होते. पाय धड असते तर मीही उठलो असतो.

पण त्या दिवसापासून तू ओट्यावरच्या बाकावर जेवतोस. आम्ही आत पाटावर उपकार म्हणतो, सुवार्ता तिचा म्हणते, मग तुझे ताट बाहेर आणून देते. पाच वर्षे झाली. तू मला उलट बोलत नाहीस, पगार घरात देतोस, रविवारी देवळातही येतोस, शेवटच्या बाकावर बसतोस. फक्त उपकार म्हणत नाहीस. खंडेरावही रोज नेमका त्याच वेळी येतो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तू त्याच्याशी बोलत नाहीस, तो तुझ्याशी बोलत नाही. तुझे जेवण होईपर्यंत बसतो आणि जातो. मला आधी वाटायचे शेवग्याच्या पाल्यासाठी येतो.

तुझ्या आईने आपली पोर नेल्याबद्दल देवाचे उपकार कधी मानले नाहीत. तिने भाकरीचे मानले. नेले त्याचे मानायचे नसतात, उरले त्याचे मानायचे असतात. खंडेरावाला ते बोलता आले नाही, एवढीच त्याची चूक. माझी इच्छा एकच आहे, डोळे मिटण्याआधी तुला आत पाटावर बसलेला बघायचा आहे. ते झाले नाही तर माझ्या मागे तरी व्हावे.

सबब अट अशी. शांतवनने रोज संध्याकाळी घरात बसून एक उपकार म्हणावा. तो म्हणत नसेल तर घर मंडळीला जावे.

ही अट वाचून वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो पाटोळे, कोर्ट हे तपासणार कसं? बेलीफ काय रोज जेवायला येणार?" मी म्हटले, आला तर त्यालाही एक उपकार म्हणावा लागेल. अट राहील.

पुरवणी

वरील मजकूर लिहून झाला होता. सही-साक्षीसाठी रविवार ठरला होता. खंडेरावाने त्यासाठी कोट धोब्याकडे टाकला होता.

गुरुवारी सकाळी खंडेराव माझ्या शेवग्याखाली, माझ्या हद्दीत, हातात पाल्याची मूठ घेऊन बसलेला सापडला. हाक मारली तर ओ देईना. डॉक्टर आले आणि त्यांनी मान हलवली. मूठ सुटत नव्हती, ती मीच सोडवली. पाला त्याच्या घरी पाठवला.

त्याची बायको लताबाई आमच्या ओट्याशी आली. "भावजी, ते..." म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना.

"आहे," मी म्हटले.

पेटी माळ्यावरून खाली घेतली. माप घेतले. मग परत घेतले, कारण माझा विश्वास बसेना. पेटी बरोबर एक वीत कमी पडत होती. जन्मभर या माणसाने भिंतीत माझी एक वीत दाबली आणि जाताना आणखी एक मागत होता. मी त्याच्याकडे बघून मोठ्याने हसलो. लताबाईही हसली आणि मग आम्ही दोघेही रडायला लागलो. मालनच्या वेळचे राहिलेले होते, ते त्यातच गेले.

पायाकडची बाजू काढून वीतभर लांबी जोडायची होती. त्याला सागाचीच फळी हवी. घरात साग उरला नव्हता. सावळीरामकडे निरोप पाठवला तर त्याने प्लायवुड आहे म्हणून कळवले. शांतवन तेवढ्यात पाळी सोडून अंबडहून आला होता. सायकल भिंतीला लावून तो ओट्यावर उभा राहिला आणि बाकाकडे बघत राहिला. ते बाक सागाचे आहे. मीच त्याच्या लग्नात केलेले.

मी म्हटले, "ते नको. तू बसतोस त्यावर."

"तेही बसायचे," शांतवन म्हणाला. त्याने बाक उलटे केले आणि पाय ठोकून वेगळे काढले. "हेच घ्या, दादा. दुसरं टोक मी धरतो."

आम्ही करवत लावली. ओढ म्हणून सांगायला मी तोंड उघडले, तर तो आधीच ओढत होता. लोखंडातल्या माणसाला हे कोणी शिकवले मला माहीत नाही. जोडावर त्याने लोखंडी पट्ट्या मारल्या. एरवी मी मारू दिल्या नसत्या. खंडेराव जड होता, म्हणून मारू दिल्या.

कबरेपाशी पाळकसाहेब म्हणाले, "पाटोळे, तुम्ही प्रार्थना करा." माझ्या मयतीतली प्रार्थना मी ज्याच्यावर सोपवली होती, त्याच्याच मयतीत मला उभे केले. दोन वाक्यांत आटपायचे ठरवून डोळे मिटले. शाळेपासून सुरुवात झाली. भिंत आली, शेवगा आला, फोड आले, कोट आला. मधेच लोकांचे पाय बदलल्याचे ऐकू आले, तरी मला थांबता येईना. शेवटी शांतवनने माझी बाही ओढली. त्याला आपल्याकडे नेल्याबद्दल उपकार, असे मी म्हटले नाही. त्याने करवत धरली त्याबद्दल म्हटले.

संध्याकाळी आम्ही आत पाटावर बसलो. शांतवन ताट घेऊन ओट्यावर गेला. तिथे बाक नव्हते. तो थोडा वेळ उभा राहिला, उंबऱ्यावर बसायला वाकला, पुन्हा उभा राहिला. मग आत आला आणि त्याच्या आईच्या शेजारी तो जिथे बसायचा त्या पाटावर बसला. सुवार्ता माझ्याकडे बघायला लागली. मी भाताकडे बघायला लागलो.

सुवार्ताने तिचा उपकार म्हटला. मी म्हटले, "आज माझी प्रार्थना कोणी मध्ये तोडली नाही. बाही ओढली तेवढीच. उपकार." मग पाळी शांतवनची आली.

तो ताटाकडे बघत होता. भात निवायला लागला. मला वाटले, कशाला त्याला कोंडीत पकडायचे, मालनचा नियम आज मी मोडतो आणि जेवा म्हणतो. मी तोंड उघडले.

"खंडूकाका मावले," शांतवन म्हणाला. "उपकार."

आणि आमटी मागितली. सुवार्ताने वाढली. मी निवलेला भात कालवला.

सबब, कलम ७ मधील अट मी या पुरवणीने पूर्णपणे रद्द करीत आहे. घर शांतवनचे, बिनशर्त. त्याने रोज आत बसावे की नाही, उपकार म्हणावा की नाही, ते त्याचे आणि देवाचे. मला जे बघायचे होते ते मी बघितले, आणि आजचा माझा उपकार तोच आहे. वकीलसाहेबांनाही हे ऐकून बरे वाटेल.

उत्तरेकडच्या भिंतीबाबत: खंडेरावाकडे आता माझ्या दोन वीत येणे आहेत, एक भिंतीतली आणि एक पेटीतली. त्या मी वर गेल्यावर त्याच्याकडून स्वतः वसूल करीन. शांतवनने लताबाईंना याबाबत काही विचारू नये. शेवग्याचा पाला मात्र त्यांच्या घरी रोज पोचता करावा.

पेटीबाबत: सध्या माझ्याकडे पेटी नाही. साग मिळाला की नवी सुरू करतो. या वेळी माप वीतभर जास्त धरणार आहे. दुसरे टोक शांतवन धरणार आहे. ज्यांच्या घरी आजारी माणसे आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. भागीबाईंना कोणीतरी जाऊन सांगावे.

येथे माझे मृत्युपत्र पुरे झाले. खाडाखोड नाही. आसवाचा एक डाग कलम चारवर आहे, तो माझा आहे, त्याने मजकुरात फरक पडत नाही.

नाशिक, रविवार, दिनांक १४ ऑक्टोबर १९८४

(सही) शमुवेल भिकाजी पाटोळे

आम्हा साक्षीदारांसमक्ष वरील सही झाली:

१. (सही) रेव्ह. दयानंद शिरसाठ, पाळक

२. (सही) निवृत्ती काशिनाथ जाधव, शिक्षक. जनगणनेच्या वेळी पेटीवर बसले होते ते हेच.

३. खंडेराव पगारे, सेक्रेटरी. हे नाव मी आधीच लिहून ठेवले होते, ते खोडणार नाही. सही नाही. साक्ष सोडली, पेटी घेतली.